१२० लिटरची टाकी सांगून ९० लिटरची बसवली, तीही जीआयच्या (जस्त चढवलेल्या लोखंडी) पत्र्याची

मालवण-कुडाळकडच्या पिकअपवाल्यांनो, मोठी डिझेल टाकी बसवायचा विचार असेल तर आधी हे वाचा. माझे १,१३,२०० रुपये गेलेत.

मी मालवणची मासळी मडगावला नेतो आणि हंगामात हापूस वाशीला. मूळ टाकी ६० लिटरची. गोव्यात डिझेल आपल्यापेक्षा स्वस्त, शिवाय आंब्याची भरलेली गाडी रात्री पंप शोधत फिरवायची नाही, म्हणून मोठी टाकी हवी होती. यात हाव कसली? धंद्याचा हिशोब होता.

हायवेच्या कडेच्या एका गॅरेजवाल्याने सांगितलं: अ‍ॅल्युमिनियमची, आत बॅफल (डिझेल हिंदकळू नये म्हणून आडवे पत्रे) टाकलेली, १२० लिटरची, ३८,५०० रुपये आणि जुनी टाकी त्याला. २०,००० फोनवरून दिले, १८,५०० रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "जीएसटी कशाक भरतंस?" आणि मी बिलाशिवायच पैसे दिले.

पण पंपावरची ती वेळ डोक्यातून जात नाही. टाकी नवी, पूर्ण कोरडी. नोझल ८८ लिटरला आपोआप कट झालं. पुन्हा दाबलं, पुन्हा कट झालं. १२० च्या टाकीत ८८! तिथूनच फोन लावला तर म्हणाला, "अरे, टाकी नवी हा, हवा धरता. दोनदा भरलंस काय पुरी भरतली." सगळी लबाडी त्या आकड्यात उघडी पडली होती. पण मागे गाड्यांची रांग, हौद्यात मासळीवरचा बर्फ वितळतोय, आणि पंपावरचा पोरगाही म्हणतो फेस आला की नोझल लवकर कट होतं. अशा वेळी गाडीखाली झोपून टाकी कोण मोजतो?

टाकी घेण्याआधी मोजा. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये घ्या, गुणा, हजाराने भागा, लिटर निघतात. माझी ९० बाय ४० बाय २५ भरली. म्हणजे ९० लिटर.

पेट्या भरून वाशीला निघालो आणि गाडी परशुराम घाटाच्या चढणीला बंद पडली. चिपळूणच्या मिस्त्रीने फिल्टर उघडला, आत राखाडी चिकट गाळ. टाकी कापली तर जीआयचा पत्रा, वरून काळा रंग, बॅफल एकही नाही. पत्र्यावरचा जस्ताचा थर डिझेलशी रासायनिक क्रिया करतो, तोच गाळ इंजेक्टरपर्यंत जातो. लोहचुंबक लावून बघा: चिकटला तर अ‍ॅल्युमिनियम नाही. इंजेक्टर आणि फिल्टरचे ३१,४००, टोइंग ४,५००, वाटेत पिकून गेलेल्या आंब्याचे २२,०००. आणि कंपनीची टाकी पुन्हा विकत घ्यावी लागली, १६,८००, कारण माझी चांगली टाकी त्या माणसाने कधीच विकून टाकली होती. जुनी टाकी कोणालाही देऊ नका!

पोलीस ठाण्यात गेलो तर "ही दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." दुसऱ्या ठाण्यात "गॅरेज आमच्या हद्दीत येत नाही." अहो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कोणतीही असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर घ्यावीच लागते, आणि भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८(४) दखलपात्र आहे. हे मी त्यांना वाचून दाखवलं तर साहेब म्हणाले, "वकील आहेस का?" आरटीओत तर उलट मलाच दम: टाकी बदलायची परवानगी होती का? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला दाखवतात, पण हायवेवर बोर्ड लावून असल्या टाक्या बसवणाऱ्याकडे जाऊन बघायला यांना वेळ नाही. लुटला गेलो मी आणि गुन्हेगारही मीच! १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर पहिला प्रश्न, बिल आहे का?

बिलाशिवाय पाच रुपयेही देऊ नका. रोख तर नाहीच. गॅरेजवाल्याशी झालेलं व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं पुसू नका, माझ्याकडे तेवढंच उरलंय, त्यात "१२० लिटर अ‍ॅल्युमिनियम" असं त्याने स्वतः लिहिलंय.

धंद्याची गाडी म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः गाडी चालवणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. माझी तक्रार तिथे दाखल झाली आहे, पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्जही गेला आहे. याच पट्ट्यात आणखी कोणाला अशी टाकी गळ्यात मारली असेल तर कापलेल्या टाकीचे फोटो आणि पैसे दिल्याचा पुरावा काढून ठेवा, आपण एकत्र तक्रार करू.