फोर बाय फोरचं इंजिन माउंट गेलंय: साधं रबर, हायड्रॉलिक की पीयू, नक्की काय टाकायचं?

आयडलिंगला स्टिअरिंग थरथरतंय, डी मधून आर मध्ये टाकलं की खालून ठक्क, फोर लो मध्ये (चारही चाकांना कमी वेग पण जास्त ताकद देणारी लो रेंज) चढावर क्लच सोडला की गिअर लिव्हर आपोआप एका बाजूला झुकतो. अशी लक्षणं दिसली की सगळे म्हणतात माउंट, म्हणजे इंजिन चेसिसवर धरून ठेवणारा आधार, गेलं, बदलून टाक. पण कुठलं टाकायचं यावर चार जण चार गोष्टी सांगतात आणि त्यातला एक तरी हमखास म्हणतो की पीयू (रबरासारखं पण जास्त कडक पॉलियुरेथेन) टाक, परत कधी तुटणारच नाही. तुटणार नाही हे बऱ्यापैकी खरं आहे, पण माउंटचं काम न तुटणं एवढंच नसतं, इंजिनाची थरथर चेसिसपर्यंत जाऊ न देणं हे त्याचं मुख्य काम आहे आणि त्यासाठी ते मऊच असावं लागतं.

खरेदीच्या आधी नक्की माउंटच गेलंय का ते बघा. बॉनेट उघडा, समोर कोणी उभं नाही याची खात्री करा, एक जण आत बसून ब्रेक पूर्ण दाबून आधी पुढच्या मग रिव्हर्स गिअरमध्ये हलकासा ॲक्सिलरेटर देईल आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून इंजिन किती उचलतंय ते बघायचं. थोडं हलणारच, पण इंचभर उचलून दणकन खाली बसत असेल तर विषय संपला. उभ्या इंजिनाच्या गाडीत, म्हणजे ज्यात इंजिन लांबीच्या दिशेने बसवलेलं असतं, पुढच्या गिअरमध्ये बहुतेक वेळा गाडीची डावी बाजू उचलते आणि उजवी दाबली जाते, म्हणून डावं रबर फाटलेलं आणि उजवं चेपलेलं असं चित्र खूपदा दिसतं. इंजिन जागेवर शांत आहे तरी ठक्क येतंय? मग प्रोपेलर शाफ्टचे (चाकांकडे ताकद नेणारा लांब दांडा) क्रॉस, स्लिप जॉइंट आणि पुढच्या डिफरन्शियलचे स्वतःचे बुश तपासा, हे तिघे अगदी माउंटसारखाच आवाज काढतात. आणि थरथर फक्त आयडलिंगलाच असेल, हलणं काहीच नसेल, तर इंजेक्टरकडे पण संशयाने बघायला हरकत नाही.

आता फोर बाय फोरमध्ये हा पार्ट जास्त मार का खातो? समजा इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पीळ देण्याची ताकद, 300 न्यूटन मीटर आहे, पहिला गिअर 4 चा (म्हणजे टॉर्क चौपट करणारा) आणि ट्रान्सफर केसची, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या डब्याची, लो रेंज 2.5 ची. म्हणजे शाफ्टवर 3000 न्यूटन मीटर जातो, आणि तेवढाच उलटा पीळ इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस या अख्ख्या जोडणीला बसतो जो शेवटी माउंटांनाच पेलायचा असतो. हायवेला हाय रेंजमध्ये डायरेक्ट गिअरला हाच आकडा 300 वर येतो. दहापट फरक! अर्थात टायर घसरला की तो सुटतो, पण दगडात चाक अडकलंय आणि तुम्ही क्लच झटक्यात सोडताय, तेव्हा पूर्ण हिशोब रबरावर निघतो. म्हणून निवड करताना पहिला प्रश्न गाडी कुठली हा नाहीच, तुम्ही लो रेंज किती वेळा लावता हा आहे.

दुसरा प्रश्न, जुनं मेलं कशाने? वरून ऑइल गळत असेल तर नैसर्गिक रबर फुगून लिबलिबीत होतं, एक्झॉस्टशेजारची उष्णता अडवणारा पत्रा गायब असेल तर कडक होऊन तडकतं. ही कारणं तशीच ठेवून तुम्ही कितीही भारीतलं माउंट बसवा, ते पण त्याच वाटेने जाणार. चेसिसवरच्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडा आहे का तेही याच वेळी बघून घ्या, कारण तिथे तडा असला तर माउंट बदलून आवाज जात नाही आणि मग उगाच नव्या पार्टला शिव्या बसतात.

साधं रबर आणि हायड्रॉलिक यांची तुलना आधी करू, कारण बहुतेकांचा खरा निर्णय या दोघांतच असतो. साध्यात लोखंडाच्या दोन प्लेटांना रबर चिकटवलेलं असतं, बास. हायड्रॉलिकमध्ये रबराच्या आत दोन कप्पे असतात, त्यात ग्लायकॉलचं पाणी आणि मध्ये एक अरुंद वाट. इंजिनाने मोठी उडी मारली की ते पाणी त्या वाटेतून घुसताना अडतं आणि उडी मरते, बारीक थरथर मात्र मऊपणे जिरते. म्हणजे खड्ड्यात घट्ट आणि सिग्नलला मऊ, दोन्ही एकाच डब्यात. आयडलिंगच्या शांततेत याला तोड नाही, डिझेलमध्ये तर फारच जाणवतं. पण आतला पडदा फाटला की पाणी गळून जातं, खाली काळपट ओला डाग दिसतो आणि मागे राहतं ते नुसतं रबराचं टरफल, इंजिन खाली बसतं आणि माउंट जवळजवळ निरुपयोगी होतं. साधं रबर असं एकदम दगा देत नाही, हळूहळू थकतं आणि थकताना सांगत राहतं. त्यामुळे रोजच्या रस्त्यावर जास्त आणि अधूनमधून कच्च्यात जाणाऱ्या गाडीला कंपनीने हायड्रॉलिक दिलं असेल तर तेच परत टाकावं असं मी म्हणेन, आणि आडबाजूला लांब जाणाऱ्याला त्याच गाडीचं साध्या रबराचं माउंट मिळत असेल तर ते जास्त भरवशाचं, थोडी थरथर वाढेल ती सहन करायची. फक्त उंची तंतोतंत तीच पाहिजे, नाहीतर फॅन आणि त्याच्या कव्हरमधलं अंतर बदलतं, शाफ्टचा कोनही. काही गाड्यांत व्हॅक्युमवर चालणारी माउंट असतात, आयडलिंगला मऊ, चालताना कडक; तिथे थरथर आली तर आधी व्हॅक्युमचा बारका पाइप बघा, माउंट ठणठणीत निघू शकतं.

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन. तेलाला दाद देत नाही, सहजी फाटत नाही, लो रेंजमध्ये इंजिन हलत नाही त्यामुळे ॲक्सिलरेटरचा प्रतिसाद थेट मिळतो, दगडांवर इंच इंच सरकताना हे फार आवडतं. पण ओरिजिनल रबराचा कडकपणा शोअर ए मापाने बहुधा 40 ते 60 च्या दरम्यान असतो आणि पीयू 70 च्या पुढे 95 पर्यंत जातं. चार सिलिंडरचं डिझेल 750 आरपीएमला सेकंदाला 25 ठोके देतं आणि ते सगळे सीट, आरसा, डॅशबोर्ड यांच्यात उतरतात. दोन तास ट्रॅफिकमध्ये बसून बघा मग कळेल. पीयूमध्येही 70 च्या आसपासचं घेतलं तर जगता येतं, 95 वालं रोजच्या गाडीला नकोच. अजून एक, आणि हे कोणी सांगत नाही, लॅडर चेसिस (शिडीसारखा लोखंडी सांगाडा) कच्च्या रस्त्यावर पिळवटते आणि रबर तो पीळ स्वतःत जिरवतं. माउंट कडक केलं की तो ताण ब्रॅकेट, बोल्ट आणि गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या हाउसिंगकडे सरकतो. म्हणूनच पूर्ण लोखंडी माउंट स्पर्धेच्या गाडीपुरतंच ठीक, रस्त्यावर नको. स्क्रॅपमधलं जुनं ओरिजिनल? रबराचं वय न वापरताही वाढतं, मला तो सौदा कधीच पटलेला नाही.

आडव्या इंजिनाच्या ऑल व्हील ड्राइव्ह एसयूव्हीचं गणित जरा वेगळं. तिथे खालचा टॉर्क रॉडचा (इंजिनाचं पुढेमागे डोलणं अडवणारी दांडी) बुश बऱ्याचदा आधी जातो, तोच बदलून ठक्क बंद होऊ शकतं, सगळा सेट घ्यायची घाई करू नका.

एक बदलायचं की जोडी? उभ्या इंजिनाला डावं आणि उजवं दोन्ही, आणि क्रॉसमेंबरवरचं (चेसिसच्या आडव्या पट्टीवरचं) गिअरबॉक्सचं माउंट पण थकलेलं असेल तर तिन्ही एकदम. एक नवं ताठ आणि दुसरं बसकं असलं की इंजिन तिरकं बसतं आणि नवं लवकर झिजतं. एका बाजूला पीयू आणि दुसरीकडे मऊ हायड्रॉलिक असा संकर तर अजिबात करू नका.

घरी की गॅरेजला? सॉलिड ॲक्सलच्या गाडीत (दोन्ही चाकं एकाच अखंड ॲक्सलवर) चेसिस घोडीवर घेतली की ॲक्सल खाली लटकतो आणि जागा मिळते, हाताशी टॉर्क रेंच आणि अनुभव असेल तर घरी होतं. इंडिपेंडंट सस्पेन्शनमध्ये (प्रत्येक चाक वेगळं हलतं) पुढचं डिफरन्शियल नेमकं चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या, खाली आडवं येतं, तिथे जॅक लावायलाच जागा नसते, वरून इंजिन लटकवायचा बार लागतो, तो नसेल तर सरळ गॅरेज. चेंबरला जॅक लावायचाच तर मध्ये रुंद जाड लाकडाची फळी हवी, ॲल्युमिनियमचं चेंबर असेल तर तेही टाळा. बॅटरी काढा, फॅनचं कव्हर सैल करा, रेडिएटरचे पाइप आणि एसीची लाइन ताणत नाही ना बघत बघत माउंट सुटेल इतकंच इंजिन उचला, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर मधे बोटं घालायची नाहीत. बसवताना सगळे बोल्ट आधी हातानेच लावा, इंजिनाचं पूर्ण वजन नव्या माउंटवर येऊ द्या, गाडी थोडी हलवा आणि मगच मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा. आधीच आवळलं तर रबर पिळलेलंच राहतं आणि नव्या माउंटनंतरही थरथर का गेली नाही याचं उत्तर पुष्कळदा तेच असतं, तेव्हा दुसरा सेट मागवण्याआधी बोल्ट सैल करून एकदा परत बसवून बघा.