शस्त्रक्रियेपूर्वीचा सुगंधोपचार: बोळा ठीक, डिफ्युझर नको

गेल्या महिन्यात पुण्यातील एका खासगी रुग्णालयात आईची पित्ताशयाची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तेथील ‘सुगंधोपचार’ ही ऐच्छिक सेवा आम्ही पाचशे रुपये जादा भरून घेतली.

आदल्या रात्रीपासून उपाशी असलेली आई सकाळी मुठी आवळून पडली होती. सिस्टरांनी दमा किंवा ॲलर्जी आहे का, हे विचारून घेतले, कापसाच्या बोळ्यावर लव्हेंडर तेलाचे दोन थेंब टाकले, तो गाऊनला टाचला आणि नाकाने सावकाश श्वास घ्यायला सांगून त्या दहा मिनिटे शेजारी बसून राहिल्या. थोड्या वेळाने आई पलीकडच्या खाटेवरील बाईंच्या सुनेची चौकशी करू लागली, तेव्हा ती मूळपदावर आल्याचे आम्ही ओळखले. थिएटरमध्ये ऑक्सिजन असतो आणि तेल ज्वलनशील, त्यामुळे आत नेण्यापूर्वी बोळा आठवणीने काढला गेला, हेही नोंदवले पाहिजे.

मी बाटली मागून पाहिली. तेल जम्मूतील भदरवाहचे होते आणि त्यावर ‘लव्हॅन्ड्युला अँगस्टिफोलिया’ हे लव्हेंडरच्या जातीचे शास्त्रीय नाव स्पष्ट लिहिले होते. ‘लव्हॅन्डिन’ या संकरित जातीच्या तेलात कापराचा अंश जास्त असतो, म्हणून हा तपशील महत्त्वाचा. शामक गुण प्रामुख्याने लिनालूल आणि लिनालिल ॲसिटेट या घटकांचा मानला जातो, आणि गंधाची संवेदना मेंदूतील भावनांशी निगडित भागांपर्यंत फार थेट पोहोचते.

तरीही माहितीपत्रकातील ‘भीतीवर रामबाण’ हा दावा मला पटला नाही. वास लपवता येत नसल्यामुळे या विषयावरील प्रयोगांत आपल्याला तेल मिळाले की नुसते पाणी, हे रुग्णाला सहज कळते. आणि आईच्या बाबतीत गुण तेलाचा किती व सिस्टरांच्या सोबतीचा किती, हे मी सांगू शकत नाही. (माझा कौल सिस्टरांना.) भूलतज्ज्ञांनी मिडाझोलाम हे भीती कमी करणारे नेहमीचे औषधही दिलेच.

खरी तक्रार प्रतीक्षाकक्षातील डिफ्युझरबद्दल, म्हणजे तेलाचा वास हवेत पसरवणाऱ्या यंत्राबद्दल आहे. बोळा ज्याचा त्याला असतो आणि नको झाल्यास काढून टाकता येतो. डिफ्युझरचा वास मात्र सर्वांनाच घ्यावा लागतो. आमच्यासमोर एका दमेकरी गृहस्थांना खोकल्याची उबळ आली, पण यंत्र बंद करायला तीनदा सांगावे लागले.

पाचशे रुपयांत अशा तेलाची दहा मिलिलिटरची बाटली सहज येते, त्यामुळे दोन थेंबांचा हा दर अवाजवी आहे. घरून बाटली नेणाऱ्यांनी मात्र भूलतज्ज्ञांना विचारल्याशिवाय ती उघडू नये.