निळी टेप महाग आहे, पण रेघेसाठी तीच घ्या

बेडरूमची एक भिंत कमरेपर्यंत गडद हिरवी आणि वर पांढरी करायची होती. रंगाऱ्याला न बोलावता आम्ही दोघांनीच ती रंगवली. मधल्या रेघेला, रंग पलीकडे जाऊ नये म्हणून, स्कॉचब्लूची निळी टेप वापरली आणि ॲल्युमिनियमच्या खिडकीला हार्डवेअरच्या दुकानातला साधा पिवळट मास्किंग टेपचा रोल. त्यामुळे दोन्हींची पारख एकाच खोलीत झाली.

निळी बेताची चिकटते आणि तेच तिचं बळ आहे. पाकिटावर चौदा दिवसांपर्यंत स्वच्छ निघण्याची हमी असते, पण मी एवढी वाट कशाला बघू? दुसरा हात मारून झाला आणि रंग जरा ओलसर होता तेव्हाच ती काढली. टोक नखाने उचलायचं, टेप मागे स्वतःवरच दुमडायची, साधारण ४५ अंशांत धरायची आणि सावकाश ओढायची. रेघ अशी निघाली की सासूबाईंनी बोट फिरवून बघितलं. इमल्शन पूर्ण वाळलं की टेप आणि भिंत मिळून रंगाचा एकच पापुद्रा होतो. मग आधी कडेने कटर हलका फिरवा, नाहीतर भिंतीचा रंग टेपबरोबर सोलून येईल.

रंग आत झिरपू नये म्हणून दोन गोष्टी कराच. टेपची कड पुट्टीच्या पत्र्याने घट्ट दाबा. मग हिरव्याच्या आधी त्याच कडेवर वरचा पांढरा रंग पातळसा लावून वाळू द्या. फटीत शिरायचं ते पांढरंच शिरतं आणि पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. ही युक्ती मला टेपइतकीच मोलाची वाटते.

१९२५ साली थ्रीएम या अमेरिकन कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी मास्किंग टेप काढली ती दोनरंगी मोटारी रंगवणाऱ्यांसाठी. आमच्या भिंतीचं कामही तेच की!

पिवळट रोलने मात्र वैताग आणला. खिडकीवर दुपारचं ऊन येतं, त्यात गोंद कडक झाला आणि टेप चिंध्यांनी निघाली. उरलेला चिकटा हेअर ड्रायरने गरम करून आणि टर्पेंटाइनच्या फडक्याने पुसावा लागला. इमल्शनच्या भिंतीवर टर्पेंटाइन चोळू नका, डाग पडतो. फरशीवर वर्तमानपत्र चिकटवायला हा रोल ठीक, उन्हातल्या खिडकीला नको.

चुन्याच्या किंवा भुकटी सुटणाऱ्या जुन्या डिस्टेंपरच्या भिंतीवर निळीकडूनही चमत्काराची अपेक्षा करू नका. तिथे आधी खरवडून प्रायमर मारायलाच हवा. खालचा रंग नवा असेल तर तो नीट वाळल्याशिवाय टेप लावू नका, पावसाळ्यात तर आणखी थांबा.

रेघेला २४ मिलिमीटरची पट्टी पुरते. रुंद रोलवर पैसे घालवू नका.