तालुक्याच्या गावातील पदव्युत्तर गणित विभाग: प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांसाठी परीक्षण

पश्चिम विदर्भातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयाच्या पदव्युत्तर गणित विभागाविषयी हे लिहीत आहे. महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न आहे, एम.एस्सी.चे दोन्ही वर्ग तेथे चालतात आणि पीएच.डी.साठी मान्यता असलेले संशोधन केंद्रही आहे. मी जवळच्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. माझे काही विद्यार्थी तेथे शिकून गेले, काही आज शिकत आहेत आणि त्यांच्या निमित्ताने विभागाच्या शनिवारच्या चर्चासत्राला माझे वरचेवर जाणे होते. पुढे काही उणिवा लिहिल्या आहेत. त्यांचा त्रास तेथे आज शिकणाऱ्या मुलांना होऊ नये म्हणून महाविद्यालयाचे नाव देत नाही.

गणितात बी.एस्सी. झाल्यावर आपल्या भागातील मुलांपुढे पर्याय फारसे नसतात. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ आणि १९८३ साली त्यातून वेगळे झालेले अमरावती विद्यापीठ यांच्या आवारातील विभागांत प्रवेश मिळाला तरी शहरात खोली करून राहण्याचा आणि खानावळीचा खर्च कोरडवाहू शेतीवर चालणाऱ्या घराला झेपतोच असे नाही. शिवाय मुलगी असेल तर शहरात एकटे ठेवण्यास घरचे तयार होतील की नाही, हा प्रश्न वेगळाच. त्यामुळे घरापासून तास-दीड तासाच्या अंतरावरील असा विभाग हाच अनेकांसाठी खरा पर्याय असतो. तो नाइलाज म्हणून स्वीकारावा लागतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. या विभागापुरती ती समजूत चुकीची आहे, असे माझे मत आहे आणि त्याचे कारण शनिवारचे चर्चासत्र आहे.

विभागातील एका प्राध्यापिकेने हे सत्र सुरू केले. विद्यार्थिदशेत त्या एमटीटीएस या उन्हाळी शिबिराला जाऊन आल्या होत्या. प्रा. एस. कुमारेसन यांनी १९९३ मध्ये सुरू केलेले हे शिबिर गणिताच्या विद्यार्थ्यांमध्ये चांगले परिचित आहे. तेथे शिक्षक सिद्धता लिहून देत नाहीत, प्रश्न विचारून ती विद्यार्थ्यांकडूनच काढून घेतात. हीच पद्धत मॅडमनी येथे आणली. दर शनिवारी दुपारी तीन वाजता एक विद्यार्थी फळ्यापाशी उभा राहतो. हातात वही चालत नाही, प्रोजेक्टर लावला जात नाही. श्रोत्यांपैकी कोणीही, कधीही थांबवू शकतो आणि पहिला प्रश्न प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यानेच विचारायचा, असा दंडक आहे. शिक्षक मागच्या बाकावर बसतात आणि शक्यतो बोलत नाहीत.

एका सत्राचे वर्णन करतो, म्हणजे मी काय म्हणतो ते स्पष्ट होईल. द्वितीय वर्षाची एक विद्यार्थिनी फंक्शनच्या क्रमिकांचे एकसमान अभिसरण, म्हणजे वर्गात सर्वजण ज्याला युनिफॉर्म कन्व्हर्जन्स म्हणतात, ते समजावून सांगत होती. तिने शून्य ते एक या बंद अंतरालावर एक्सचा एन-वा घात हे नेहमीचे उदाहरण घेतले आणि एक्स एकपेक्षा लहान असेल तर एन वाढत जाताना किंमत शून्याकडे जाते, हे व्यवस्थित सिद्ध केले. तेवढ्यात प्रथम वर्षाच्या एका मुलाने विचारले, "ताई, हा एन फक्त एप्सिलॉनवर अवलंबून हाय का एक्सवर पण?" ती थांबली. उत्तर तिला पाठ होते हे दिसत होते, पण तिने ते दिले नाही. तिने त्या मुलालाच फळ्यापाशी बोलावले, एप्सिलॉन, म्हणजे किंमत शून्याच्या किती जवळ हवी ते अंतर, अर्धा धरायला सांगितले आणि त्यासाठी लागणारा एन मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर काढायला लावला. एक्स ०.९ असताना सातवा घात अर्ध्याच्या खाली येतो. ०.९९ साठी ६९ वा घात लागला, ०.९९९ साठी ६९३ वा. तीन ओळी फळ्यावर एकाखाली एक लिहिल्यानंतर वर्गात कोणाला काही सांगण्याची गरज उरली नाही: एक्स जसजसा एकच्या जवळ सरकतो तसतसा लागणारा एन मर्यादेशिवाय वाढतो, म्हणजे सर्व एक्सना पुरेल असा एकच एन असू शकत नाही. त्यानंतर तिने सीमा-फंक्शनचा आलेख काढला, एकच्या अलीकडे सगळीकडे शून्य आणि एकवर अचानक एक. क्रमिकेतील प्रत्येक फंक्शन अखंड असूनही सीमा अखंड राहिली नाही, आणि एकसमान अभिसरणाची अट नेमकी कशासाठी लागते ते त्या मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगितले.

हा विषय विद्यापीठाच्या परीक्षेत ठरावीक गुणांसाठी येतो आणि पाठ करूनही ते गुण मिळतात. येथे मात्र तो प्रश्न म्हणून मुलांच्या हाती येतो. आपल्या शाळा-महाविद्यालयांत प्रश्न विचारणे म्हणजे आपल्याला येत नाही याची जाहीर कबुली, असे मुलांच्या मनात घट्ट बसलेले असते. विशेषतः मराठी माध्यमातून आलेली मुले इंग्रजीच्या संकोचाने दोन-दोन वर्षे तोंड उघडत नाहीत. या सत्रात मराठीत, अगदी वऱ्हाडीतही बोलता येते. फळ्यावरचे लेखन इंग्रजीत असते आणि बोलणे ज्याला जसे जमेल तसे. मी वर्गात ज्यांचा आवाज कधी ऐकला नव्हता अशा माझ्याच दोन विद्यार्थिनींना येथे कॉम्पॅक्ट संचाच्या व्याख्येवरून एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याशी वाद घालताना पाहिले, तेव्हा मला फार आनंद झाला.

आता मुख्य अडचण. सत्र तीनला सुरू होते आणि रंगले तर सहापर्यंत चालते. आसपासच्या खेड्यांकडे जाणारी शेवटची एसटी मात्र साडेपाचच्या सुमारास सुटते. रोज ये-जा करणारी मुले, आणि अशीच मुले अधिक आहेत, पाच वाजताच पिशव्या आवरू लागतात. म्हणजे प्रश्नोत्तरे जेथे खोल जाऊ लागतात, नेमके तेथे ती उठून जातात. इतर दिवशीही तेच घडते. विभागाचे खरे शिक्षण चार वाजता तास संपल्यानंतर अभ्यासिकेत, एकाच उदाहरणावर चार-पाच जण बसून घडते आणि ते राहणाऱ्यांच्याच वाट्याला येते. एकाच वर्गातील, सारख्याच कुवतीच्या मुलांमध्ये दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस जो फरक पडलेला दिसतो, त्याचे मोठे कारण माझ्या मते बसचे वेळापत्रक हेच आहे. सत्र शनिवारी सकाळी घ्यावे, असे मी विभागात सुचवले होते. शनिवारी सकाळी पदवीचे वर्ग असतात आणि खोली मोकळी नसते, असे उत्तर मिळाले. एका खोलीची सोय महाविद्यालयाने करायला हवी. यासाठी निधीची गरज नाही, इच्छेची आहे.

वसतिगृह आहे, पण मुलींसाठीच्या जागा थोड्या आहेत. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्या दिवसांत पाण्याची ओढ असते आणि परीक्षेचा काळ नेमका तोच असतो. गावात खोल्या भाड्याने मिळतात व त्या शहराच्या मानाने पुष्कळच स्वस्त पडतात. तीन-चार जणींनी मिळून खोली केली तर खर्च आवाक्यात राहतो. जमेल त्याने निदान दुसऱ्या वर्षी तरी गावात राहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

शिक्षकांच्या बाबतीत चित्र मिश्र आहे. पूर्णवेळ शिक्षक मोजके असून निवृत्तीनंतर रिकाम्या झालेल्या जागा भरल्या गेलेल्या नाहीत. बरेचसे तास घड्याळी तासिका तत्त्वावरील तरुण शिक्षक घेतात. त्यांच्या नेमणुका शैक्षणिक सत्र सुरू झाल्यावर कधीतरी होतात, मानधन वेळेवर मिळत नाही आणि सेट किंवा नेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण असूनही पुढच्या वर्षी आपण येथे असू की नाही हे त्यांना ठाऊक नसते. त्याचा थेट परिणाम असा, की पहिल्या शैक्षणिक सत्रात टोपॉलॉजीसारखा नवा आणि कठीण विषय उशिरा सुरू होतो व घाईने संपवावा लागतो. असे असूनही अल्जेब्रा शिकवणारे तासिका तत्त्वावरील एक सर मला तेथील सर्वांत चांगले शिक्षक वाटतात. कोशंट ग्रुप, म्हणजे ग्रुपचे सारखे भाग पाडून त्या भागांचा केलेला नवा ग्रुप, समजावताना ते घड्याळाच्या बारा तासांपासून सुरुवात करतात आणि नॉर्मल सबग्रुपची अट नसेल तर कोसेटांचा, म्हणजे त्या भागांचा, गुणाकार नीट ठरतच नाही, हे मुलांना एका नॉन-नॉर्मल उदाहरणावर स्वतः करून पाहायला लावतात. असा माणूस दरवर्षी नव्या नेमणुकीची वाट पाहत राहतो, हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे आणि मुलांचे नुकसान करणारेही आहे.

संशोधनाविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण पीएच.डी.चा विचार करणारी मुले त्याबद्दल विचारतात. विदर्भातील गणित विभागांत सामान्य सापेक्षता आणि विश्वरचनाशास्त्र, तसेच उष्णतेमुळे घन पदार्थांत निर्माण होणाऱ्या ताणांचा अभ्यास करणारी थर्मोइलॅस्टिसिटी या विषयांवर अनेक वर्षांपासून काम होत आले आहे. या केंद्रातही बहुतेक विद्यार्थी बियांकी प्रकारच्या विश्वप्रतिकृतींवर काम करतात. लुइजी बियांकी या इटालियन गणितज्ञाने १८९८ मध्ये जे नऊ प्रकार वर्गीकृत केले, त्यांच्या आधारे सर्वत्र सारखे पण निरनिराळ्या दिशांना निरनिराळ्या वेगाने प्रसरण पावणारे विश्व मांडता येते. आइनस्टाइनची क्षेत्र-समीकरणे त्यावर लावली, की बहुधा समीकरणे कमी आणि अज्ञात राशी जास्त अशी स्थिती येते आणि उत्तर काढण्यासाठी एखादे जादा गृहीतक धरावे लागते.

एका सत्रात एक संशोधक विद्यार्थी आपले काम मांडत असताना प्रथम वर्षाच्या मुलीने विचारले, "दादा, शिअर हे एक्स्पान्शनच्या प्रमाणात असते असे धरले, ते का धरले?" शिअर म्हणजे दिशांनुसार प्रसरणात पडणारा फरक. समीकरणे सुटावीत म्हणून, असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. मॅडमनी त्या दिवशी नियम मोडून मागच्या बाकावरून विचारले, की निरीक्षणांतून या गृहीतकाला कितपत आधार मिळतो हे तू पाहिले आहेस का? पुढच्या महिन्यात त्याच विद्यार्थ्याने तेवढ्याच प्रश्नावर पुन्हा सत्र घेतले. समीकरणे सोडवून निबंध प्रसिद्ध करण्याची सवय आपल्याकडे फार बळावली आहे. गृहीतकाचा जाब विचारणारे श्रोते ज्या केंद्रात आहेत तेथे पीएच.डी. करणे हिताचे आहे, मग केंद्र लहान का असेना. मात्र ज्यांना अल्जेब्रा किंवा नंबर थिअरीत संशोधन करायचे आहे त्यांना येथे मार्गदर्शक मिळणार नाही. त्यांनी दुसरीकडेच पाहावे.

ग्रंथालयात पाठ्यपुस्तके पुरेशी आहेत, संशोधन नियतकालिके जवळपास नाहीत. १९९१ पासून चालू असलेल्या अर्काइव्ह (arXiv) या संकेतस्थळावर शोधनिबंध आणि एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षण-उपक्रमावर आयआयटीतील व्याख्याने विनामूल्य मिळतात, त्यामुळे ही उणीव पूर्वीइतकी जाणवत नाही. विभागातील इंटरनेट बेभरवशाचे आहे. मुले बहुतेक काम मोबाइलवरच करतात.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार एम.एस्सी.च्या दुसऱ्या शैक्षणिक सत्रात चार क्रेडिटचे ऑन जॉब ट्रेनिंग आले आहे. खेड्यातील गणिताच्या विद्यार्थ्याने ते कोठे करावे, हा प्रश्न सगळ्याच विभागांना पडला आणि बहुतेक ठिकाणी शाळेत शिकवल्याचे प्रमाणपत्र आणून वेळ निभावली जाते. या विभागाने काही विद्यार्थ्यांना बाजार समितीतील कापूस आणि तुरीच्या रोजच्या नोंदी अभ्यासायला दिल्या. किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर यांच्या जोडीला आवकेचा भार धरून हंगामातील सरासरी काढली, की केवळ दरांच्या साध्या सरासरीपेक्षा वेगळा आकडा येतो, हे त्यांनी तक्त्यासह दाखवले. ज्यांच्या घरचा माल त्याच आवारात विकला जातो त्या मुलांनी हे काम किती मनापासून केले असेल, हे सांगायला नको.

स्पर्धा परीक्षांची तयारी करून घेण्यात विभाग कमी पडतो. नेटच्या गणिती विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेत तिसऱ्या भागातील ६० पैकी २० प्रश्न सोडवायचे असतात, प्रत्येकाला ४.७५ गुण असतात आणि एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात. सर्व बरोबर पर्याय निवडले तरच गुण मिळतात, मात्र चुकल्यास गुण कापले जात नाहीत. या भागासाठी व्याख्येच्या कडेकडेची उदाहरणे माहीत असावी लागतात आणि शनिवारच्या सत्रात मन लावून बसणाऱ्याला ती आपोआप माहीत होतात. परंतु वेळ लावून जुन्या प्रश्नपत्रिका सोडवण्याचा सराव विभागात होत नाही. तो मुलांनी गट करून स्वतः करावा लागतो.

प्रवेशाचा निर्णय घेण्यापूर्वी पालकांनी मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन एखाद्या शनिवारी तीन वाजता तेथे जाऊन बसावे. कोणाची परवानगी लागत नाही. त्याच वेळी विभागप्रमुखांना विचारून घ्यावे, की यंदा पूर्णवेळ शिक्षक किती आहेत आणि तासिका तत्त्वावरील नेमणुका केव्हापर्यंत होतील. मुलींनी वसतिगृहाचा अर्ज प्रवेश अर्जासोबतच द्यावा, कारण पदव्युत्तर प्रवेशाची यादी लागेपर्यंत तेथील बहुतेक जागा पदवीच्या मुलींनी भरून गेलेल्या असतात.