लाउरा पापो ‘बोहोरेता’ यांची हस्तलिखिते: जपून ठेवावेत असे खंड

बोस्नियातील सरायेव्होच्या ऐतिहासिक अभिलेखागाराने ज्यू लेखिका लाउरा पापो (१८९१–१९४२) यांची हस्तलिखिते छापील खंडांच्या रूपाने उपलब्ध करून दिली आहेत आणि लादिनो भाषेविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाने ती आवर्जून वाचावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. १४९२ साली स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या ज्यूंनी पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत जपलेली ही स्पॅनिशवर आधारलेली बोली बोस्नियात मागे पडू लागली असताना या बाईंनी तिच्यात नाटके लिहिली, आणि ‘मातात्या’ या ज्यू तरुणांच्या संस्थेने त्यांचे प्रयोग केले. ‘बोहोरेता’ म्हणजे थोरली लेक. हेच त्यांचे टोपणनाव.

मला सर्वांत मोलाचे वाटले ते त्यांचे शुद्धलेखन. ‘मुझेर’ म्हणजे स्त्री, हा शब्द त्या स्पॅनिश वळणाने न लिहिता ‘झ’साठी बोस्नियात रुळलेले, डोक्यावर खूण असलेले अक्षर वापरतात, त्यामुळे सरायेव्होच्या गल्लीतला उच्चार कानांवर पडल्यासारखा वाटतो. बोस्नियातील सेफार्दी, म्हणजे स्पेनमधून आलेल्या ज्यूंच्या वंशातील, स्त्रीवरील त्यांचा १९३१ सालचा अभ्यास तर नाटकांइतकाच वाचनीय आहे. बायकांचा ‘तोकादो’ हा शिरोभूषणाचा प्रकार त्यात येतो, आणि त्यासोबत एका अख्ख्या पिढीची राहणीही.

लादिनो किंवा बोस्नियन न येणाऱ्याला शब्दकोश हाताशी ठेवावाच लागेल, वाचनही संथ होईल. तरीही हा खटाटोप जरूर करावा. लाउराबाईंचे दोन्ही मुलगे उस्ताशांच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातील क्रोएशियन फॅसिस्टांच्या, राजवटीत मारले गेले आणि १९४२ साली त्या स्वतःही सरायेव्होतच वारल्या. हे कागद मात्र वाचले.