बंब कुणाच्या नावावर? टाउनशिप आणि स्वयंसेवक फायर कंपनी: करार, डिस्ट्रिक्ट की पगारी दल

न्यू जर्सी किंवा पेनसिल्व्हेनियात घर घेतलेल्या बऱ्याच मराठी कुटुंबांना पहिली काही वर्षं हे ठाऊकच नसतं की आपल्याकडे आग लागली तर धावून येणारी माणसं पगारी नाहीत. महाराष्ट्रात अग्निशमन दल म्हणजे महापालिकेचं नाहीतर नगरपरिषदेचं. १०१ फिरवला की सरकारी बंब येतो, एवढंच आपल्या डोक्यात बसलेलं असतं. अमेरिकेच्या उपनगरांत आणि गावांत तो बंब कित्येकदा एका ना-नफा संस्थेच्या, म्हणजे स्वयंसेवक फायर कंपनीच्या, मालकीचा असतो. तिचे सदस्य म्हणजे शेजारचा प्लंबर, शाळेतला शिक्षक, निवृत्त पोस्टमन.

मग एक दिवस टाउनशिपच्या, म्हणजे तिथल्या स्थानिक सरकारच्या, बैठकीत विषय निघतो: फायर कंपनीशी करार चालू ठेवायचा, स्वतंत्र फायर डिस्ट्रिक्ट करायचं, की टाउनशिपने स्वतःचं पगारी दल उभारायचं? तुम्ही मतदार असाल तर त्यावर मत बनवावं लागतं. माझं मत आधीच सांगते. कंपनीकडे माणसं येत असतील तोवर ती मोडू नये. पण तोंडी विश्वासावर ती चालवणंही आता धोक्याचं आहे. जे काही ठरवायचं, ते दिवसा किती माणसं येतात हे पाहून ठरवावं.

ही व्यवस्था फार जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी सुरू केली, तेव्हा सदस्य आपापल्या चामडी बादल्या घेऊन धावायचे. पूर्ण पगारी दल सिनसिनाटीत आलं १८५३ मध्ये, आणि मोठी शहरं हळूहळू त्या वाटेने गेली. गावं आणि उपनगरं मागे राहिली. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या २०२० च्या अंदाजानुसार देशातल्या सुमारे १० लाख ४१ हजार अग्निशामकांपैकी ६५ टक्के स्वयंसेवक होते. संख्या मात्र घटते आहे. पेनसिल्व्हेनियात १९७० च्या दशकात जवळपास ३ लाख स्वयंसेवक होते. २०१८ च्या विधिमंडळाच्या अहवालात आकडा ३८ हजारांच्या आसपास आला. टाउनशिप आणि कंपनी यांच्यातल्या बहुतेक भांडणांच्या मुळाशी ही गळती आहे, वरवर भांडण पैशांचं दिसलं तरी.

करारावर चालणारी कंपनी

पेनसिल्व्हेनियात ही पद्धत सर्वांत जास्त दिसते. कंपनीचं स्वतःचं संचालक मंडळ, स्वतःचं स्टेशन. चीफ, म्हणजे दलाचा प्रमुख, सदस्यांच्या मतांनी निवडला जातो. टाउनशिप दरवर्षी ठरावीक रक्कम देते. त्यासाठी मालमत्ता करात फायर टॅक्स लावता येतो, साधारण ३ मिलपर्यंत, म्हणजे कराकरता धरलेल्या दर १,००० डॉलर मूल्यामागे ३ डॉलर. शिवाय राज्याबाहेरच्या विमा कंपन्यांच्या अग्निविमा हप्त्यांवर २ टक्के कर असतो. त्यातला वाटा स्वयंसेवकांच्या रिलीफ असोसिएशनला (मदतनिधी संस्थेला) जातो, आणि त्या पैशाचं ऑडिट राज्याचे ऑडिटर जनरल करतात. उरलेलं कंपनी स्वतः जमवते: चिकन बार्बेक्यू, बिंगो, लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासाच्या) दिवसांत शुक्रवारचं फिश फ्राय.

नवा पंपर, म्हणजे पाणी मारणारा बंब, आज १० लाख डॉलरच्या घरात जातो. चिकनची ताटं विकून तेवढे पैसे उभे राहत नाहीत, हे सगळ्यांना दिसतं. म्हणून टाउनशिप जास्त पैसे देते, आणि पैसे दिले की हिशेब मागते. इथे ठिणगी पडते. ज्या माणसाने वीस वर्षं रात्री-अपरात्री उठून फुकट काम केलं, त्याला टाउनशिप मॅनेजरने डिझेलच्या पावत्या मागितल्या की ते लागतं. मॅनेजरचंही चुकत नाही, कारण तो करदात्यांचा पैसा आहे. पेनसिल्व्हेनियाच्या २००८ च्या कायद्याने हे बरंच स्पष्ट केलं. आपल्या हद्दीत आग विझवण्याची सोय आहे ना हे पाहणं ही टाउनशिपची जबाबदारी ठरली, आणि दिलेल्या पैशाचा तपशीलवार वार्षिक हिशेब आल्याशिवाय पुढच्या निधीचा विचार करू नये असंही ठरलं. कंपनीशी सल्लामसलत करणंही टाउनशिपवर बंधनकारक झालं. माझ्या मते ही दोन्हींकडून न्याय्य वाटणी आहे, पण ती करारात उतरली तरच उपयोगाची.

करार हातात घेतलात तर सर्वांत आधी मालकीचं कलम शोधा. बंबाचं टायटल कुणाच्या नावावर आहे? टाउनशिपने ६० टक्के पैसे घातले आणि ४० टक्के देणग्यांचे असतील, तर उद्या करार मोडल्यावर गाडी कुठे जाणार? ना-नफा संस्थेची मालमत्ता सदस्य आपसांत वाटून घेऊ शकत नाहीत. ती तशाच धर्मादाय कामाकडे जावी लागते, आणि वाद झाला तर प्रकरण कोर्टात जातं. तोवर बंब कुलपात. ज्या करारात हे आधीच लिहिलेलं असतं, तिथे भांडण झालं तरी गाव उघड्यावर पडत नाही.

हद्दीचं कलमही वाचा. २०१० मध्ये टेनेसीच्या ओबायन काउंटीत एक घर जळत असताना साउथ फुल्टन शहराचं दल आलं आणि पाहत उभं राहिलं, कारण शहराबाहेरच्या त्या घराने ७५ डॉलरची वार्षिक फी भरलेली नव्हती. ते दल शहराचं होतं, स्वतंत्र कंपनी नव्हती. पण कुणाला सेवा आहे आणि कुणाला नाही हे घरोघरच्या फीवर सोडलं की काय होतं, ते तिथे देशाने पाहिलं. संपूर्ण टाउनशिपच्या वतीने एकच करार असण्याचा हा मोठा फायदा आहे.

फायर डिस्ट्रिक्ट

न्यू जर्सीतल्या वाचकांना हे जवळचं. ओक ट्री रोडवर खरेदीला जाणाऱ्यांनी लक्ष दिलं असेल: रस्ता एडिसनमधून इसलिनमध्ये शिरतो आणि किराण्याची दुकानं तशीच पुढे चालू राहतात, आगीची व्यवस्था मात्र बदलते. एडिसनमध्ये टाउनशिपचं स्वतःचं पगारी फायर डिव्हिजन आहे. इसलिन वुडब्रिज टाउनशिपमध्ये येतं, आणि तिथे इसलिन, कोलोनिया, अव्हेनेल, फोर्ड्स अशा भागांना आपापली फायर डिस्ट्रिक्ट आहेत.

डिस्ट्रिक्ट म्हणजे आगीपुरतं वेगळं छोटं सरकार. पाच निवडून आलेले कमिशनर, न्यू जर्सीत तीन वर्षांची मुदत, स्वतःचं बजेट, कराच्या बिलावर स्वतःची वेगळी ओळ. जुनी स्वयंसेवक कंपनी बहुधा तशीच राहते आणि डिस्ट्रिक्टसाठी काम करते. टाउन कौन्सिलमधल्या राजकारणात फायरचं बजेट कापलं जाण्याची भीती त्यामुळे कमी होते. न्यूयॉर्क राज्यात तर टाउनला स्वतःचं दल चालवण्याची मुभा जवळजवळ नाहीच. तिथे एक तर डिस्ट्रिक्ट असतं, नाहीतर टाउन एखाद्या कंपनीशी किंवा शेजारच्या गावाशी करार करतं. तिथल्या पाच कमिशनरांची मुदत पाच वर्षांची.

कागदावर ही सर्वांत लोकशाही व्यवस्था आहे, कारण न्यू जर्सीत मतदार बजेटवर थेट मत देतात. पण तिथे कमिशनरांची आणि बजेटची ही निवडणूक परंपरेने फेब्रुवारीच्या तिसऱ्या शनिवारी असते, मतदान दुपारी २ ते रात्री ९. थंडीतल्या त्या शनिवारी फायरहाउसमध्ये कोण जातं? सदस्य, त्यांच्या घरची माणसं, थोडे सजग शेजारी. एवढ्या थोड्या मतांनी मोठं बजेट मंजूर होतं. २०१७ च्या कायद्याने डिस्ट्रिक्टला निवडणूक नोव्हेंबरमध्ये नेण्याची मोकळीक मिळाली. त्यामुळे मतदान वाढतं, पण एक गोष्ट हातून जाते: करवाढ २ टक्क्यांच्या मर्यादेत असेल तर बजेट मतदारांसमोर येतच नाही. मला हा सौदा पूर्ण पटलेला नाही, तरी फेब्रुवारीपेक्षा बरा.

बजेट नामंजूर झालं तर किती रक्कम द्यायची ते टाउनशिपची गव्हर्निंग बॉडी (निवडून आलेलं मंडळ) ठरवते. म्हणजे वेगळं सरकार केलं तरी नातं तुटत नाही. आणि डिस्ट्रिक्ट बुडूही शकतं. ऱ्होड आयलंडमधलं सेंट्रल कॉव्हेंट्री फायर डिस्ट्रिक्ट, जे पगारी होतं, आधी रिसीव्हरकडे (कोर्टाने नेमलेल्या कारभाऱ्याकडे) आणि २०१४ मध्ये दिवाळखोरीत गेलं.

माहितीच्या बाबतीत मात्र डिस्ट्रिक्टची बाजू भक्कम आहे. फ्रँकलिन टाउनशिपच्या एका डिस्ट्रिक्टबद्दलच्या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं की स्वयंसेवक कंपनी स्वतः सार्वजनिक संस्था नसली, तरी डिस्ट्रिक्टने तिच्याकडून कागद मिळवून नागरिकाला द्यायला हवेत. कंपनीचे नियम, घटना वगैरे पाहायचं असेल तर अर्ज डिस्ट्रिक्टकडे करायचा.

टाउनशिपचं स्वतःचं पगारी दल

इथे हिशेब साधा आणि कठोर आहे. बंबावरची एक जागा चोवीस तास, वर्षभर भरलेली ठेवायची तर रजा-आजारपण धरून चार ते पाच कर्मचारी लागतात. पगारी दलांसाठीच्या मानकात एका इंजिनवर चार माणसं अपेक्षित आहेत. म्हणजे एका बंबासाठी सोळा ते वीस पगार, त्यावर पेन्शन आणि आरोग्य विमा. बदल्यात पहिला बंब चार मिनिटांच्या प्रवासात पोहोचावा अशी अपेक्षा ठेवता येते आणि चीफ थेट टाउनशिपला जबाबदार असतो. दाट वस्ती, उंच इमारती, गोदामं असतील तर हे टाळता येत नाही. ज्या टाउनशिपमध्ये अजून शेतं आहेत, तिला हे परवडत नाही.

मधली वाट, आणि मंगळवारची दुपार

मंगळवार, दुपारचे दोन. पेजर वाजतो: स्वयंपाकघरात आग. स्टेशनवर सर्वांत आधी पोहोचतात एक निवृत्त सदस्य. ते बंब उत्तम चालवतात, पण डॉक्टरांनी आत शिरायला मनाई केली आहे. मग कॉलेजातला मुलगा येतो. प्रशिक्षण पूर्ण, पण बंब चालवायची परवानगी अजून नाही. बाकीचे न्यूअर्कला, मॅनहॅटनला, प्रिन्स्टनला नोकरीवर. जळत्या घरात दोघं आत जाणार असतील तर दोघं बाहेर तयार हवेत, हा नियम आहे. बंब निघतो, पण शेजारच्या गावचा बंब येईपर्यंत ते दोघं बाहेरून पाणी मारत राहतात. रात्री अकरा वाजता हीच कंपनी बारा माणसं घेऊन निघाली असती.

स्वयंसेवक दलांचं मानकही हेच विचारतं: उपनगरी भागात १० मिनिटांत १० माणसं, ८० टक्के वेळा. तुमच्या कंपनीचा चीफ हा आकडा देऊ शकला पाहिजे, आणि तोही सकाळी ६ ते संध्याकाळी ६ असा वेगळा काढून. वर्षभराचा एकत्र आकडा घेऊ नका. रात्रीची चांगली हजेरी दिवसाची उणीव झाकते.

दिवसा उणीव असेल तर सोमवार ते शुक्रवार चार पगारी माणसं आणि रात्री-सुट्टीला स्वयंसेवक, ही मिश्र व्यवस्था बहुतेक उपनगरांना सर्वांत योग्य वाटते. ती वर सांगितलेल्या तिन्ही पद्धतींत करता येते. एक अडचण आधीच ओळखावी: केंद्रीय कामगार कायद्याप्रमाणे सरकारी संस्थेचा पगारी कर्मचारी त्याच संस्थेसाठी तेच काम फुकट करू शकत नाही. टाउनशिपने आपल्याच दलातल्या सर्वांत तयार स्वयंसेवकांना नोकरी दिली, तर रात्रीच्या फळीतून तेच वजा होतात. भरती करताना हे न पाहिल्यामुळे दिवस सावरतो आणि रात्र ढासळते.

आपल्या मंडळींना इथे मनापासून एक सांगावंसं वाटतं. घरून काम करणारी आयटीतली कितीतरी माणसं मंगळवारी दुपारी दोन वाजता घरीच असतात. शे-दोनशे तासांचं प्रशिक्षण आहे, ते बहुतेक ठिकाणी मोफत मिळतं. आत शिरायचं नसेल तरी हिशेब, अनुदानाचे अर्ज, वाहतूक सांभाळणं यांसाठी कंपन्यांना माणसं हवीच असतात. काही ठिकाणी मालमत्ता करात सवलतही मिळते. न्यूयॉर्कमध्ये स्थानिक संस्थेने ठराव केला असेल तर १० टक्क्यांपर्यंत.

मग कुणी काय निवडावं?

पेनसिल्व्हेनियात असाल आणि दिवसाची हजेरी ठीक असेल, तर करार ठेवा. मालकी, वार्षिक हिशेब आणि करार मोडायचा झाल्यास किमान एक वर्षाची सूचना ही तीन कलमं घालून घ्या. न्यू जर्सीत टाउन कौन्सिल आणि कंपनी यांचं पटतच नसेल, तर डिस्ट्रिक्ट बरं, पण शेजाऱ्यांना मतदानाला घेऊन जाण्याची तयारी असेल तरच. नाहीतर कराची एक ओळ वाढते आणि त्यावर लक्ष ठेवणारं कुणी नसतं. दिवसाची हजेरी ठीक नसेल, तर यांपैकी जी पद्धत आहे तिच्यातच आधी दिवसाचे पगारी लोक आणा. पूर्ण पगारी दलाचा विषय मिश्र व्यवस्था दोन-तीन वर्षं चालवून पाहिल्याशिवाय मतदानाला येऊ देऊ नये, असं मला वाटतं. एकदा विसर्जित झालेली कंपनी पुन्हा उभी राहताना दिसत नाही, कारण माणसं दुसरीकडे गुंतलेली असतात.

घराच्या विम्याचा मुद्दाही बैठकीत हमखास निघेल. बऱ्याच विमा कंपन्या गावाच्या अग्निसंरक्षणाची १ ते १० अशी श्रेणी पाहतात, १ सर्वांत चांगली. पगारी दल आलं की श्रेणी आपोआप सुधारते असं कुणी सांगितलं, तर विचारा की हायड्रंट, पाण्याचा दाब आणि आणीबाणीचे फोन घेणारी यंत्रणा यांचं काय. श्रेणीत त्यांचाही मोठा वाटा असतो. आणि बैठकीला जाण्याआधी टाउनशिप क्लार्ककडून चालू कराराची प्रत मागून घ्या. ती सार्वजनिक कागदपत्रं आहेत. करार कधी संपतो ती तारीख पाहा, कारण वाटाघाटी त्याच्या निदान सहा महिने आधी सुरू व्हायला हव्यात.