राजाच्या नावावर विकलेली चांदीची सिगारेट केस

जुन्या चांदीच्या वस्तू जमवणाऱ्यांनी खरेदीपूर्वी वाचावा, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. ब्रिटनचा राजा सातवा एडवर्ड याची म्हणून मला ऑनलाइन लिलावात विकलेली सिगारेट केस चांदीचीच निघाली. बनावट होती ती तिची कुळकथा.

एडवर्ड सिगार-सिगारेटचा किती शौकीन होता हे जगजाहीर आहे आणि विक्रेत्याने त्याचाच पुरेपूर फायदा उठवला. केसच्या झाकणावर मुकुट, राजाची आद्याक्षरे आणि रोमन सात कोरलेला होता. आत सिंहाचा ठसा, म्हणजे ९२.५ टक्के चांदीची खूण, आणि त्याच्या शेजारी राणी व्हिक्टोरियाचे मस्तक होते. हे मस्तक चांदीवरील कर भरल्याची निशाणी असून तो कर १८९० मध्ये रद्द झाला, तर एडवर्ड गादीवर आला जानेवारी १९०१ मध्ये. या तफावतीबद्दल विचारताच, युवराज असताना वापरलेल्या केसवर त्याने राजा झाल्यावर मुद्रा कोरून घेतली, असे उत्तर तयार होते. सोबत ‘तज्ज्ञा’चे प्रमाणपत्रही आले, परंतु त्यावर पत्ता नव्हता आणि ही केस राजवाड्यातून कोणाकडे, केव्हा गेली याविषयी अवाक्षरही नव्हते.

खरा प्रकार एका जाणकार चांदी कारागिराने उघड केला. त्याने ठशांवर तोंडाची वाफ सोडली, तेव्हा त्यांच्याभोवती एक अरुंद चौकोन क्षणभर स्पष्ट उमटला. ती डाखाची, म्हणजे धातूचे दोन तुकडे वितळवलेल्या धातूने जोडल्याची, रेघ होती. जुन्या चमच्याच्या दांड्यावर असतात तसे एका ओळीतले ठसे पट्टीसह कापून या केसमध्ये बेमालूम बसवले होते, आणि केसच्या दुसऱ्या अर्ध्या भागावर, जिथे ठसे असायलाच हवे होते, तिथे एकही नव्हता. केसचे कोपरे वापराने गुळगुळीत झाले होते, पण कोरीव मुद्रेच्या कडा बोटाला टोचत होत्या; शंभर वर्षे खिशात आणि हातात वावरलेल्या वस्तूचे कोपरे तेवढे झिजावेत आणि नक्षी कोरी राहावी, हे कसे शक्य आहे?

मुद्रा अस्सल असती, तरी तेवढ्यावरून ती वस्तू राजाने वापरली असे ठरत नाही. राजघराण्यातून अशा केसेस भेट म्हणून दिल्या जात, त्यामुळे मुद्रा बहुधा देणाऱ्याची ओळख सांगते. राजाच्या वापरातली वस्तू म्हणून जादा किंमत मागणाऱ्याने जुनी पत्रे, यादीतील नोंद किंवा आधीच्या लिलावाचा तपशील दाखवलाच पाहिजे.

मी पैसे परत मागितले, तेव्हा वर्णनाच्या तळाशी बारीक अक्षरांत असलेल्या ‘घराण्यातील समजुतीनुसार’ या शब्दांकडे बोट दाखवून विक्रेत्याने हात वर केले. कारागिराचा लेखी अभिप्राय आणि वाफेने उमटलेल्या रेघेची छायाचित्रे जोडून मी लिलाव चालवणाऱ्यांकडे तक्रार केली आहे. दरम्यान त्याच विक्रेत्याने तशीच मुद्रा असलेला चांदीचा ॲशट्रे विक्रीस ठेवला आहे. त्यावर बोली लावण्यापूर्वी ठशांभोवतालच्या भागाचे, तिरप्या उजेडात जवळून घेतलेले छायाचित्र मागावे. माझ्या मागणीला त्याने अद्याप उत्तर दिलेले नाही.